ताराबाई मोडकांच्या बालवाडीतली खेळणी

मुलाचा वाढदिवस किंवा तान्हा पोळा जवळ आला की चिखला, डोंगरी बुजुर्ग, तुमसर या भागातले आई-वडील दवाखान्यात एक प्रश्न हमखास विचारतात. खोकला-ताप दाखवून झालेला असतो, औषधाची चिठ्ठी हातात असते आणि उठता उठता विचारलं जातं, याला कोणतं खेळणं घ्यावं म्हणजे हा हुशार होईल? त्या प्रश्नामागे एक खंत असते. खाणीत पाळी करणाऱ्या किंवा धानाच्या शेतीवर घर चालवणाऱ्या माणसाला वाटतं, शहरातल्या मुलांकडे आहे ते आपल्या मुलाकडे नाही, म्हणून ते मागे पडेल.

या प्रश्नाचं उत्तर मी तुम्हाला एका बाईंच्या आयुष्यातून देणार आहे. त्यांचं नाव ताराबाई मोडक. तुमच्या वस्तीत अंगणवाडी आहे ना? ती कल्पना आणि तो शब्द ज्यांच्या कामातून रुजला, त्या या ताराबाई. महागडी खेळणी नीट समजून घेऊन, वर्षानुवर्षं वापरून, मग ती बाजूला ठेवण्याचं धाडस त्यांनी केलं. म्हणून त्यांचं म्हणणं ऐकण्यासारखं आहे.

ताराबाईंचा जन्म १८९२ सालचा. माहेर केळकरांचं, मुंबईतलं, प्रार्थना समाजाच्या सुधारक विचारांचं. मुलींनी चौथी-पाचवीपुढे शिकणंही नवलाचं होतं त्या काळात त्या १९१४ साली बी. ए. झाल्या. पुढच्या वर्षी कृष्णराव मोडक या वकिलांशी लग्न झालं आणि त्या अमरावतीला आल्या, म्हणजे आपल्या विदर्भाच्या सूनबाई झाल्या. संसार मात्र टिकला नाही. १९२१च्या सुमारास लहान मुलीला घेऊन त्या बाहेर पडल्या आणि राजकोटला बार्टन फीमेल ट्रेनिंग कॉलेजच्या प्राचार्य झाल्या. शंभर वर्षांपूर्वी, नवऱ्यापासून वेगळी झालेली, लेकरू सांभाळून परमुलखात नोकरी करणारी बाई. तिला लोकांनी काय काय ऐकवलं असेल, ते तुम्हाला वेगळं सांगायला नको.

तिथे त्यांच्या कानावर भावनगरच्या गिजुभाई बधेका यांचं काम आलं. गिजुभाई मूळचे वकील. स्वतःच्या मुलाला कसं शिकवावं या विचारातून ते बालशिक्षणाकडे वळले आणि १९२० साली त्यांनी दक्षिणामूर्ती या संस्थेत बालमंदिर सुरू केलं. गुजरातेत त्यांना मिशीवाली आई म्हणत. १९२३ साली ताराबाई प्राचार्यपद सोडून त्यांच्याकडे गेल्या. जवळजवळ नऊ वर्षं दोघांनी एकत्र काम केलं आणि १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ स्थापन केला. छडी नाही, घोकंपट्टी नाही, बक्षीस नाही आणि शिक्षाही नाही, असं हे शिक्षण होतं. मूल खेळत खेळत शिकतं, असं आज प्रत्येक शाळेच्या फलकावर लिहिलेलं असतं. तेव्हा हे बोलणं वेडेपणाचं मानलं जाई.

भावनगरच्या बालमंदिरात जी साधनं होती ती इटलीच्या मारिया माँटेसरी यांच्या पद्धतीची. माँटेसरी बाई स्वतः डॉक्टर होत्या, ही गोष्ट फारशी सांगितली जात नाही. रोममध्ये मतिमंद ठरवलेल्या मुलांबरोबर काम करताना त्यांच्या लक्षात आलं की हाताला योग्य काम मिळालं की ही मुलं अपेक्षेपेक्षा खूप जास्त शिकतात. १९०७ साली त्यांनी रोमच्या एका गरीब वस्तीत पहिलं बालगृह उघडलं.

ही साधनं कशी होती, ते इथे जरा सविस्तर सांगतो, कारण चांगलं खेळणं ओळखण्याची किल्ली त्यातच आहे. गुलाबी मनोरा घ्या. त्यात दहा लाकडी ठोकळे असतात. सर्वांत लहान एक सेंटिमीटरचा, सर्वांत मोठा दहा सेंटिमीटरचा. सगळ्यांचा रंग एक, आकार एक, बदलतं ते फक्त माप. मूल ते एकावर एक रचतं. चुकलं की मनोरा वेडावाकडा दिसतो किंवा कोसळतो. म्हणजे चूक दाखवायला मोठ्या माणसाची गरज पडत नाही, खेळणंच ती दाखवतं. दुसरं साधन म्हणजे लाकडी पाटातल्या खाचांमध्ये बसवायच्या गट्ट्या. प्रत्येक गट्टीला वर छोटी मूठ असते, ती अंगठा आणि दोन बोटांनीच धरता येते. पुढे पेन्सिल धरायला लागते तीच ही पकड. मुलाच्या दृष्टीने तो खेळ असतो आणि हात मात्र लिहिण्यासाठी तयार होत असतो.

आम्ही डॉक्टर मुलाची वाढ तपासताना यातलंच काहीसं करतो. इंचभर मापाचे ठोकळे पुढे ठेवतो. साधारण सव्वा वर्षाचं मूल दोन ठोकळे एकमेकांवर ठेवतं, दीड वर्षाचं तीन, दोन वर्षांचं सहा आणि तीन वर्षांचं नऊच्या आसपास. एखादा ठोकळा इकडेतिकडे झाला म्हणून घाबरू नका. या एवढ्याशा खेळात नजर, बोटं, तोल, लक्ष आणि धीर अशा पाच गोष्टी एकदम कळतात.

१९३० नंतरच्या दशकात ताराबाई मुंबईला परतल्या. १९३३पासून त्यांनी शिक्षणपत्रिका मराठीतून काढली आणि १९३६ साली दादरला शिशुविहार सुरू केलं. शिशुविहार नावारूपाला आलं. त्या तिथेच थांबल्या असत्या तरी त्यांचं नाव राहिलं असतं. पण त्यांना एक गोष्ट टोचत होती. माँटेसरी साधनांचा संच महाग होता. चांगली इमारत, प्रशिक्षित शिक्षिका, रंगीत फर्निचर हे सगळं परवडणाऱ्यांच्याच मुलांना हे शिक्षण मिळत होतं. गरीब वस्तीतल्या मुलांसाठी सुरू झालेली पद्धत इथे येऊन पैसेवाल्यांची झाली होती. गांधीजींच्या नई तालीमचा विचारही त्याच सुमारास पुढे आला होता: शिक्षण गावाच्या जीवनातून आणि गावच्या साधनांतून उभं राहावं.

म्हणून १९४५ साली, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, ताराबाई दादर सोडून बोर्डीला गेल्या. बोर्डी हे समुद्रकाठचं गाव, तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातलं, आता पालघर जिल्ह्यात. तिथे त्यांनी ग्राम बालशिक्षा केंद्र काढलं. सोबत अनुताई वाघ होत्या, बालवयात विधवा झालेल्या, नेटाने शिकून शिक्षिका झालेल्या. पुढची सगळी वर्षं या दोघी एकत्र राहिल्या.

गावात महागडी साधनं नव्हती आणि आणायचीही नव्हती. मग मुलांच्या हातात काय आलं? शंख-शिंपले, बिया, गोटे, पानं, फुलं, माती, बांबूचे तुकडे. लहान-मोठे शिंपले क्रमाने मांडणं हा गुलाबी मनोऱ्याचाच धडा. बियांचे प्रकार वेगळे करणं ही वर्गीकरणाची सुरुवात. मातीचे गोळे वळणं हा बोटांचा व्यायाम. साधन बदललं, पण हाताला मिळणारं काम तेच राहिलं. माझ्या मते ताराबाईंचं सर्वांत मोठं काम हे आहे. माँटेसरी पद्धत पाठ करणाऱ्या पुष्कळ झाल्या, पण तिच्यातलं सार कोणतं आणि वेष्टन कोणतं हे त्यांना कळलं.

तुमच्या घरी हे करून पाहा. स्वयंपाकघरातले एकात एक बसणारे स्टीलचे डबे आणि त्यांची झाकणं एक वर्षाच्या बाळापुढे ठेवा. कोणतं झाकण कुठे बसतं हे शोधण्यात ते बराच वेळ घालवेल. डबे आपटून आवाजही करेल, तो सहन करा. दोन वर्षांच्या मुलाला परातीत पाणी आणि दोन पेले द्या, फक्त तुम्ही शेजारी बसा. चार वर्षांच्या मुलीला पळसाची पानं आणि काड्या देऊन पत्रावळ टाचायला दाखवा. तिची पत्रावळ वाकडी होईल, पण काडी पानातून आरपार नेताना तिच्या बोटांची जी कसरत होते ती कुठल्याही बटणाच्या खेळण्यात होत नाही.

बटणाच्या खेळण्यांवर थोडं बोलतो. दिवे लागणारं, गाणं म्हणणारं, इंग्रजी अक्षरं बोलून दाखवणारं खेळणं पाहून वाटतं की पैसे वसूल झाले. अमेरिकेत काही वर्षांपूर्वी एक छोटा अभ्यास झाला. दहा ते सोळा महिन्यांच्या २६ बाळांना त्यांच्या पालकांबरोबर तीन प्रकारच्या वस्तू देऊन घरचं बोलणं ध्वनिमुद्रित केलं: आवाज करणारी इलेक्ट्रॉनिक खेळणी, साधी लाकडी खेळणी-ठोकळे आणि चित्रांची पुस्तकं. इलेक्ट्रॉनिक खेळण्याबरोबर आई-वडील सर्वांत कमी बोलले, पुस्तकाबरोबर सर्वांत जास्त. खेळणं बोलू लागलं की माणूस गप्प बसतो. आणि बाळ भाषा शिकतं ती समोरच्या माणसाकडून, त्याच्या डोळ्यांत बघत. मोबाइलचं तर विचारूच नका. दोन वर्षांखालील मुलाला पडद्यासमोर बसवूच नये आणि दोन ते चार या वयात दिवसाला एक तासापेक्षा जास्त नको, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली सांगितलं आहे.

पुन्हा बोर्डीकडे वळू. साधनांचा प्रश्न सुटला तरी मुलं येईनात. वस्ती दूर, घरात काम, आणि दलित वस्तीतल्या मुलांना तर सगळ्यांबरोबर बसू देण्यालाच विरोध. तेव्हा बालवाडीच मुलांच्या दारात न्यायची असं ठरलं. शिक्षिका वस्तीत जात, कुणाच्या अंगणात मुलं जमवत, त्यांचे हातपाय धूत, केस विंचरत आणि तिथेच गाणी, गोष्टी, खेळ सुरू होत. अंगणात भरणारी म्हणून अंगणवाडी.

१९५७ साली हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं, वारली आदिवासींच्या मुलखात. तिथे अडचण वेगळी होती. सात-आठ वर्षांची मुलं गुरं चारायला रानात जात, मग शाळा कशी भरणार? ताराबाई-अनुताईंनी शाळा कुरणात नेली. गुरं चरत असताना झाडाखाली शिकणं चाले, त्याला कुरणशाळा म्हणत. दुसरी अडचण मुलींची. घरातलं तान्हं बाळ सांभाळायचं म्हणून मोठी बहीण शाळेत येत नसे. म्हणून एकाच जागी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा आणली. बहिणीने बाळाला पाळणाघरात ठेवावं, मधल्या भावाला बालवाडीत सोडावं आणि स्वतः वर्गात बसावं. या प्रयोगाला त्यांनी विकासवाडी नाव दिलं.

हे वाचताना तुमच्या घरातल्या मोठ्या मुलीकडे एकदा बघा. रोवणीच्या दिवसांत आठ वर्षांची मुलगी धाकट्या भावाला कडेवर घेऊन दिवसभर फिरताना आपल्याकडेही दिसते. भावासाठी खेळणं येतं, तिच्यासाठी येत नाही, कारण ती आता मोठी झाली असं सगळे धरून चालतात. आठ वर्षांच्या मुलीलाही खेळ लागतो. तिला रोज तासभर मोकळा द्या, ती तिचा खेळ स्वतः शोधेल.

घरगुती खेळण्यांनी खरंच फरक पडतो का, अशी शंका तुम्हाला येईल. ताराबाईंनी ते मोजून दाखवलं नाही, त्यांचा तो मार्ग नव्हता. पण पुढे दुसऱ्याच देशात ते मोजलं गेलं. १९८०च्या दशकात जमैकातल्या किंग्स्टन शहराच्या गरीब वस्त्यांमध्ये वाढ खुंटलेल्या १२९ मुलांवर अभ्यास झाला. मुलं नऊ महिने ते दोन वर्षांची होती. काही घरांत आरोग्यसेविका दर आठवड्याला तासभर जात आणि टाकाऊ वस्तूंपासून बनवलेल्या खेळण्यांनी मुलाशी कसं खेळायचं ते आईला दाखवत. हे दोन वर्षं चाललं. या मुलांची बौद्धिक वाढ इतरांपेक्षा चांगली झाली. वीस वर्षांनी हीच मुलं कमावती झाली तेव्हा त्यांची कमाई, ज्यांच्या घरी कुणी खेळायला गेलं नव्हतं अशा मुलांपेक्षा सुमारे २५ टक्के जास्त निघाली. आठवड्याला एक तास आणि टाकाऊ खेळणी, एवढ्यावर. त्यात आई खेळात उतरली, हे महत्त्वाचं. वजन कमी असलेल्या मुलाला पोषण आहार तर हवाच, पण त्याच्याशी रोज खेळणं हाही उपचाराचा भाग समजा.

आता डॉक्टर म्हणून काही इशारे देणं भाग आहे. ताराबाईंच्या बालवाडीतली मुलं साधारण अडीच-तीन वर्षांच्या पुढची होती आणि शिक्षिका समोर असायची. बिया, गोटे, मणी हे तीन वर्षांखालच्या मुलाला देऊ नका. चिंचोका, शेंगदाणा, हरभरा श्वासनळीत अडकून मूल काही मिनिटांत दगावू शकतं. खेळता खेळता अचानक ठसका लागून आवाज बंद झाला, चेहरा निळा पडू लागला, तर तोंडात आंधळेपणाने बोट घालू नका. एक वर्षाखालील बाळाला पालथं धरून, डोकं खाली ठेवून पाठीवर खांद्यांच्या मध्ये पाच थापा मारा, मग उताणं करून छातीच्या मध्यावर दोन बोटांनी पाच दाब द्या, आणि वस्तू बाहेर येईपर्यंत आळीपाळीने हेच करत राहा. मोठ्या मुलाला पाठीवर थापा आणि मागून धरून बेंबीच्या वर आत-वर असे झटके द्या. दुसऱ्या कुणाला लगेच गाडी आणायला पाठवा.

आपल्या रानातल्या काही बिया दिसायला सुंदर आणि विषारी असतात. लाल-काळी गुंज, एरंडी आणि कुंपणाला लावतात ती चंद्रज्योत. या बिया मोठ्या मुलांच्याही खेळात नकोत. चंद्रज्योतीच्या बिया शेंगदाण्यासारख्या लागतात, म्हणून मुलं वाटून खातात आणि सगळी मिळून उलट्या-जुलाबांनी आजारी पडतात.

खाणीच्या भागात राहता म्हणून एक जादा सूचना. मँगनीजचे काळे, जड, चकाकणारे दगड मुलांना आवडतात. हात लावल्याने लगेच काही होत नाही, पण ते फोडून, घासून खेळू देऊ नका. मँगनीजची धूळ दीर्घकाळ श्वासातून गेली तर मेंदूवर परिणाम होतो. पाळीवरून आल्यावर कपडे घरात झटकू नका, ते वेगळे धुवा, आणि हातपाय धुऊन मगच बाळाला उचला.

बाजारातून खेळणं घेताना आयएसआय खूण बघा. १४ वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांना ती २०२१पासून बंधनकारक आहे. रंगाचे पोपडे निघत असतील तर घेऊ नका, स्वस्त रंगात शिसं असू शकतं. ज्यात चपट्या गोल बटण-बॅटऱ्या आहेत आणि त्यांच्या झाकणाला स्क्रू नाही, अशी वस्तू घरात आणूच नका. ती बॅटरी गिळली तर अन्ननलिका दोन तासांत भाजायला लागते. अशा वेळी उलटी करवू नका, एक्स-रेची सोय असलेल्या रुग्णालयात थेट जा.

आणि तान्ह्या पोळ्याचा नंदी? तो अवश्य घ्या. चाकांचा लाकडी बैल दोरीने ओढत नेणं हे नीट चालू लागलेल्या दीड-दोन वर्षांच्या मुलासाठी फार चांगलं खेळणं आहे. मागे वळून बघत पुढे चालणं, चाक अडलं की दोरी सोडवणं, यात तोलही येतो आणि विचारही. मोठाच नंदी हवा असं नाही, मुलाला स्वतःला ओढता येईल एवढा घ्या. सजवताना झूल, गोंडे त्याच्याच हातून बांधून घ्या. बोजारा मागायला घरोघरी जाताना ते चार माणसांशी बोलतं, तेही शिक्षणच.

ताराबाईंना १९६२ साली पद्मभूषण मिळालं. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्या गेल्या. कोसबाडचं काम पुढे अनुताईंनी १९९२ साली त्यांचा मृत्यू होईपर्यंत चालवलं. ताराबाईंच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी, केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि अंगणवाडी देशभर पोचली. तिच्यात वजन, लसीकरण, खिचडी पक्की बसली, खेळ मात्र अनेक ठिकाणी मागे राहिला. सेविकेवर नोंदींचा भार एवढा असतो की तिला दोष देववत नाही. तुम्ही मात्र मुलाला फक्त खाऊपुरतं पाठवू नका. आठवड्यातून एकदा तुम्हीही तिथे बसा, घरातले रिकामे डबे, कापडाच्या चिंध्या, धुतलेली मक्याची कणसं नेऊन द्या.

मुलाचा खेळ बघण्याचं आणखी एक कारण आहे. बरेच आजार खेळात आधी दिसतात. वर्षाचं झालं तरी नावाने हाक मारल्यावर वळत नाही, दीड वर्षाचं होऊनही बोट दाखवून वस्तू मागत नाही, दोन वर्षांचं होऊनही बाहुलीला जेवू घालणं, खोटाखोटा फोन लावणं असा खेळ खेळत नाही, नुसतं चाक फिरवत बसतं, किंवा येत असलेले शब्द विसरू लागलं, तर महागडं खेळणं आणून वाट बघत बसू नका, डॉक्टरांना दाखवा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं फिरतं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा तपासणीला येतं आणि गरज असेल तर जिल्हा पातळीवरच्या केंद्रात पाठवतं. ही तपासणी मोफत असते. पथक कोणत्या तारखेला येणार ते सेविकेला विचारून ठेवा आणि त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नका.